बुसाचे ७ पीएस गेले कुठं?

रविवारी सकाळी भाच्याला घेऊन यवतेश्वरचा घाट चढलो, तो त्याच्या यामाहा आर१५ वर आणि मी माझ्या जुन्या गाडीवर, वर टपरीवर चहाला थांबलो तर समोर सुझुकीची हायाबुसा, म्हणजे आपली बुसा, उभी. कोल्हापूरकडचे एक दादा कासला निघालेले, माणूस एवढा दिलदार की भाच्याला म्हणाले बस रे बाळा. सीट ८०० मिलिमीटरच, त्यामुळं पोराचे पाय आरामात टेकले, पण स्टँडवरून सरळ करताना दोन्ही हात ताठ झाले त्याचे, २६० किलोच्या वर वजन आहे राव. मी खाली बसून पुढची डिस्क बघत होतो, ३२० मिलिमीटरच्या दोन डिस्क आणि त्यावर ब्रेम्बो कंपनीचे स्टायलेमा कॅलिपर (डिस्क दाबून ब्रेक लावतो तो भाग), ताटाएवढी डिस्क आणि पकडणारा कॅलिपर मात्र एवढा आटोपशीर, मला तर तिथून उठवेना.

परत येताना भाचा म्हणाला, मामा गाडी भारीये पण नवीन बुसात पॉवर कमी केली, आधी १९७ पीएस (म्हणजे हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप) होती आता १९०. हे मी लय जणांकडून ऐकलंय म्हणून आज लिहायलाच बसलो.

कागदावर बरोबर आहे त्याचं. २००८ ला इंजिन १२९९ चं १३४० सीसी झालं तेव्हा १९७ पीएस आणि १५५ न्यूटन मीटर टॉर्क (इंजिनचा पिळायचा जोर) होता, २०२१ च्या मॉडेलला ९७०० आरपीएमवर (मिनिटाला इंजिनचे फेरे) १९० पीएस आणि ७००० वर १५० न्यूटन मीटर. पण हे आकडे टोकाचे आहेत, त्या एकाच आरपीएमवरचे. ९७०० ला इंजिन तुम्ही कधी नेणार? सातारा ते कास रस्त्यावर तर नाहीच, तिथं सुई ३ ते ५ हजारात फिरत असते. सुझुकीनं नेमकं तिथंच काम केलंय. प्रदूषणाचे नियम कडक झाले, मग व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमचा आकार बदलून इनटेक आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहायचा काळ कमी केला, त्यानं वरची थोडी ताकद गेली पण खालची आणि मधली वाढली. घाटात वळणातून बाहेर पडताना हीच लागते. माझ्या मते नवीन गाडी जास्त चांगली आहे आणि हे मी कुणाशीही वाद घालून सांगीन.

पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, एवढं डोक्यात बसलं की स्पेसिफिकेशन वाचता येतं. कावासाकीची निंजा झेडएक्स-१०आर बघा, ९९८ सीसी, टॉर्क ११५ च्या आसपास म्हणजे बुसापेक्षा बराच कमी, तरी २०३ पीएस, कारण ती १३२०० आरपीएमवर ओरडते. तेवढं फिरायचं तर स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वरखाली प्रवास, छोटा पाहिजे, तिचा ५५ मिलिमीटर आहे, बुसाचा ६५. एक ट्रॅकची, एक लांब पल्ल्याची, दोघींची तुलना नुसत्या पीएसवर करूच नये.

आणि हो, स्पीड. १९९९ ची पहिली बुसा ३०० च्या पुढं जायची, नंतर कंपन्यांनी आपापसात ठरवून २९९ वर थांबवलं, त्यामुळं टॉप स्पीडच्या रकान्यात बघण्यासारखं काही उरलंच नाही. हायाबुसा म्हणजे जपानीत बहिरी ससाणा, आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवरचा शाहीन त्याच जातीचा, सूर मारताना तोही ३०० च्या वर जातो.

त्यापेक्षा सहा दिशांनी गाडीचा कल मोजणारा सेन्सर बघा. गाडी किती झुकलीय हे त्याला कळतं आणि त्याप्रमाणं एबीएस (चाक लॉक होऊ न देणारा ब्रेक) ब्रेक सोडतो. पावसाळ्यात कासला धुक्यात ओल्या वळणावर ब्रेक दाबायची वेळ आलीय ना कधी? मग त्याची किंमत कळेल.

घरी आल्यावर भाच्याला वहीवर गणित घालून दिलं, बोअर (सिलेंडरची रुंदी) ८१, स्ट्रोक ६५, चार सिलेंडर, काढ सीसी. १३३९.८ आलं तेव्हा पोराचा चेहरा बघण्यासारखा होता. लगेच स्वतःच्या आर१५ चं काढलं, ५८ आणि ५८.७, आलं १५५. रात्री साडेदहाला फोन, मामा निंजाचं पण जमलं, पण तिचं बोअर ७६ आहे, मग पिस्टन एवढा रुंद असून वितळत कसा नाही?



उद्या संध्याकाळी घरी ये म्हटलंय, माझ्याकडं एक जुना पिस्टन पडलाय, तो हातात देऊनच सांगतो.