आमची वाटचाल : दुधाच्या टाक्यांपासून प्लाझ्मा प्रोबपर्यंत

कुपवाड एमआयडीसीत शेड भाड्याने घेतलं तेव्हा आमचं काम एकच, डेअऱ्यांसाठी स्टीलच्या टाक्या. सांध्यात दूध अडकून नासू नये म्हणून वेल्ड आतून गुळगुळीत लागतो. तोच हात पुढे व्हॅक्यूम चेंबरला कामी आला. पहिला चेंबर लीक टेस्टला पास झाला आणि तो घेणाऱ्या ग्राहकाने, वस्तूंवर धातूचा पातळ थर चढवणाऱ्या कोटिंगवाल्याने, विचारलं, "आतल्या प्लाझ्मात इलेक्ट्रॉन किती, ते मोजायचा प्रोब करून द्याल का?" प्लाझ्मा म्हणजे विजेने पेटवलेला गॅस, त्यात सुटे इलेक्ट्रॉन फिरत असतात. होकार देऊन टाकला आणि पुढचे सहा महिने रात्री वाचण्यात गेले.

अशा मोजणीचा लँगम्युअर प्रोब दिसायला साधा. सिरॅमिकच्या नळीतून पाच मिलिमीटर बाहेर आलेली टंगस्टनची तार. तिच्यावरचं व्होल्टेज बदलत किती करंट येतो ते बघायचं, त्यावरून इलेक्ट्रॉनची घनता काढायची. 1920च्या दशकातली पद्धत. पण या ग्राहकाचा डिस्चार्ज, म्हणजे प्लाझ्मा पेटवणारा वीजप्रवाह, पल्सचा होता, शंभर मायक्रोसेकंद चालू, मग बंद. चालू होताच घनता चढते, बंद झाल्यावर इलेक्ट्रॉन भिंतींकडे निघून जातात. तिथे सरासरीचा आकडा काय कामाचा? म्हणून ट्रिगरपासून, म्हणजे पल्स सुरू होण्याच्या इशाऱ्यापासून, ठरावीक क्षणी, समजा चाळिसाव्या मायक्रोसेकंदाला, करंट टिपायचा आणि पुढच्या पल्सला व्होल्टेज एक पायरी वर न्यायचं. शेकडो पल्स झाल्यावर त्या एका क्षणाचा आलेख पुरा होतो.

प्रोब दिला, पैसेही आले. दोन आठवड्यांनी फोन. "गॅसचा दाब तोच, पॉवर तीच, तरी तुमच्या प्रोबवर घनता रोज वाढतीय." प्रोब परत मागवला. मी इलेक्ट्रॉनिक्समध्ये चूक शोधत होतो. आमचे फिटर मामा नळी उजेडात धरून म्हणाले, "मालक, टोकाला चकाकतीया बघा." मल्टिमीटरचं एक टोक तारेला, दुसरं नळीला लावलं. बीप! टायटॅनियमचा थर सिरॅमिकवर चढून तारेला भिडला होता. तारेचा व्यास 0.2 मिलिमीटर, नळीचा दीड. नळीचा नुसता दोन मिलिमीटर भाग जरी धातूने मढला, तरी करंट गोळा करणारं क्षेत्रफळ चौपट होतं. चूक सर्वस्वी आमचीच होती, दुरुस्तीचे पैसे घेतले नाहीत.

मग नळीचं तोंड आतून मोठं केलं. तारेभोवती अर्ध्या मिलिमीटरची फट, आणि तार नळीला टेकते ती खोल आत, धातूची वाफ सरळ पोचत नाही तिथे. सिरॅमिक तडकतं, त्यामुळे पहिल्या अकरा नळ्या वाया गेल्या. आता प्रत्येक प्रोब जाण्याआधी मामा स्वतः भिंगातून ती फट बघतात.

सध्या जोडीला हेअरपिन प्रोब करतो. यू आकाराची, पंचवीस मिलिमीटर लांब पायांची तार. तिला मायक्रोवेव्ह दिल्या की निर्वातात ती सुमारे 3 गिगाहर्ट्झला अनुनादते, म्हणजे तिचा सूर लागतो. घन सेंटीमीटरमागे दहा हजार कोटी इलेक्ट्रॉन असतील तर 4.1च्या आसपास. मिरजेत, तंबोऱ्याच्या तारा लावणाऱ्यांच्या शेजारात वाढलो म्हणून असेल, मला ही रीत फार जवळची वाटते. इथे गोळा होणारा करंट मोजायचाच नसतो, म्हणून आधीच्या प्रोबचा आकडा ताडून बघता येतो. मायक्रोवेव्हची वारंवारता एकाच जागी धरून ठेवली, की पल्समध्ये तो सूर दोनदा लागतो, घनता चढताना आणि उतरताना. गेल्या आठवड्यात त्याच जुन्या ग्राहकाच्या चेंबरवर ऑसिलोस्कोपच्या रेषेत सूर लागल्याचे ते दोन्ही खळगे स्वच्छ दिसले. मामांना मुद्दाम बरोबर नेलं होतं.