अंगात काहीतरी घाल

दुपारी बेल वाजली. मी उठले, दाराकडे निघाले आणि जाता जाता खुर्चीच्या पाठीवर पडलेला शर्ट उचलून अंगात चढवला. पार्सल घेतलं, दार लावलं. मग पंख्याखाली उभी राहून तो शर्ट पुन्हा काढताना लक्षात आलं, की मी तर नीट कपड्यांतच होते. खाली पायघोळ लिननची पँट, वर पांढरा, सैल, बिनबाह्यांचा टॉप. बरं, हा टॉप काही घरात वापरायला आणलेला नाही. आरशासमोर तीनदा गिरकी घेऊन, 'उन्हाळ्यात बाहेर घालायला हा एक असावाच' असं स्वतःला पटवून आणलेला आहे. आणि अर्ध्या मिनिटाच्या पार्सलसाठी मी तो झाकला. कुणापासून? तो मुलगा बिचारा सगळा वेळ फोनमध्ये बघत होता.

या टॉपचा हा चौथा उन्हाळा. बाहेर तो पाच-सहा वेळा गेला असेल. बाकी त्याची ये-जा कपाटापासून आरशापर्यंत. घालते, बघते, 'काहीतरी कमी आहे' असं वाटतं, काढते. नेमकं काय कमी आहे ते कधी कळलं नव्हतं. त्या दुपारी शर्ट काढता काढता कळलं. कमी काही नाही. मला अजून तो शमीजच वाटतो.

आमच्या पिढीच्या मुलींना शमीज समजावून सांगायला नको. पांढरी, सैल, बिनबाह्यांची, गळ्याला बोटभर लेस आणि मधोमध एक चिमुकली सॅटिनची बो, जी दुसऱ्या धुण्यात निसटायची आणि मागे फक्त दोऱ्याची गाठ राहायची. फ्रॉकच्या आत घालायची वस्तू. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत फ्रॉक कोण घालतंय? मावशीकडे आम्ही चार मुली दिवसभर शमीजवरच असायचो. शमीजवर जेवायचो, शमीजवर भांडायचो, फरशीवर ओला हात फिरवून तिथे शमीजवरच पालथ्या पडायचो. बेल वाजली की दार उघडायला धावायचं आणि पहिलं कोण पोचतं यावरून मारामारी, हा आमचा खेळ. मी बहुतेक वेळा जिंकायची.

नऊ वर्षांची असेन. अशीच एकदा जिंकले. दारात काकांच्या ओळखीचे कुणी उभे होते. मी दार सताड उघडून "काका झोपलेत" असं ठणकावून सांगितलं, तेवढ्यात मागून मावशीचा आवाज आला, "अगं, आधी अंगात काहीतरी घाल!"

मी खाली बघितलं. अंगात काहीतरी होतं की! कालही हेच होतं. काल मी याच दारात, याच शमीजमध्ये, असंच कुणाला तरी काका झोपल्याचं सांगितलं होतं. पाहुणे एकाएकी दाराच्या चौकटीचं लाकूड निरखू लागले. मावशीने दांडीवरचा टॉवेल ओढून माझ्या खांद्यांवर टाकला. उन्हात वाळून कडक झालेला तो टॉवेल मानेला टोचत होता, आणि मी तो दोन्ही हातांनी धरून उभी राहिले, न केलेली चूक मान्य केल्यासारखी. दुसऱ्या दिवसापासून दाराकडे धावायची शर्यत आपोआप धाकट्या बहिणींकडे गेली.

'शमीज' हा शब्द मुळातला फ्रेंच आहे, हे फार उशिरा समजलं. आणि त्या शब्दापायी एका राणीलाही हेच ऐकावं लागलं होतं, हे कळल्यावर मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! एलिझाबेथ विजे ल ब्रुन या चित्रकर्तीने 1783 साली फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचं एक चित्र पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनात मांडलं. राणीच्या अंगात पांढऱ्या मलमलीचा मोकळा झगा. जरीकाम नाही, घेराचे सांगाडे नाहीत, हिरे नाहीत. लोक खवळले. राणी नुसत्या आतल्या कपड्यांत उभी आहे म्हणाले! चित्र उतरवावं लागलं आणि त्याच्या जागी तसंच दुसरं आलं. हातात तेच गुलाबाचं फूल, फक्त अंगात नीट रेशमी पोशाख. म्हणजे बाईच्या अंगावर टॉवेल टाकायचं काम तिथे अख्ख्या शहराने केलं. गंमत अशी, की त्या झग्याला पुढे 'राणीची शमीज' असंच नाव पडलं आणि बघता बघता तो सगळ्यांना हवासा झाला.

त्या चित्रात राणीने कमरेला पट्टा बांधलाय आणि डोक्यावर पिसांची हॅटही आहे. म्हणजे तिनेही तेच केलं होतं, जे आपण आरशासमोर करतो. उपयोग झाला नाही, ही गोष्ट वेगळी.

फॅशनवाल्यांचा एक लाडका नियम आहे. वरचा एक कपडा, खालचा एक, आणि तिसरं काहीतरी. ते तिसरं आलं की म्हणे पोशाख 'पूर्ण' होतो. जॅकेट, उघडा शर्ट, स्कार्फ, पट्टा, काहीही. मी हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा मला मावशीचाच आवाज ऐकू आला. तिसरं काहीतरी! काहीतरी घाल! पांढऱ्या सैल टॉपवर तर हा नियम फारच जोरात लागू होतो, कारण त्या बिचाऱ्याजवळ स्वतःचं असं काहीच नसतं. रंग नाही, बाही नाही, आकार नाही. मी चार उन्हाळे त्याला काहीतरी पुरवत आले आहे.

पट्टा बांधून बघितला. सैल कापडाला मधोमध पट्टा आवळला की वर फुगा, खाली झालर, आणि आपण गाठोडं. स्कार्फ गळ्यात घेतला. दहा मिनिटांत मानेला घामोळं. मोठ्या मण्यांची लांब माळ बरी वाटली, पण ती चालताना पोटावर आपटत राहते आणि आपण कुठल्यातरी मोहिमेवर निघालोय असं वाटतं. वर पातळ शर्ट, बटणं न लावता, हे खरोखर छान दिसतं. फक्त मग बिनबाह्यांचा टॉप घेतला कशाला, हा प्रश्न उरतो.

त्यातल्या त्यात मला जमलेली गोष्ट एकच. टॉपची पुढची चार बोटं कड पँटमध्ये खोचायची आणि मागची तशीच सोडून द्यायची. एवढ्याने कंबर कुठे आहे ते कळतं आणि पाय लांब दिसतात. का दिसतात ते विचारू नये, दिसतात. पँट मात्र उंच कमरेची हवी. पायघोळ पँट असेल तर टॉप आखूड, आणि टॉप मांडीपर्यंत येत असेल तर खाली काहीतरी सरळ, अंगालगतचं. दोन्ही ढगळ घेतले तर आपण आत आहोत की नाही अशी लोकांना शंका येते. फुलाफुलांच्या लांब स्कर्टवर तो गुपचूप बसतो, कारण बोलायचं काम स्कर्ट करतो. गडद निळ्या जीन्सवर तर तो इतका शहाणा दिसतो, की मला कधी कधी तो माझाच आहे यावर विश्वास बसत नाही. पण भर उन्हात जीन्स! दिसणं आणि जगणं यांतलं एक निवडा.

आणि त्याच्या आत काय घालायचं? इथे मी निम्मं आयुष्य चुकत आले. पांढऱ्याच्या आत पांढरं, असं मला कुणीतरी शिकवलं होतं. ते पांढऱ्यातून ठळक दिसतं. कातडीवर पांढरं म्हणजे कागदावर काढलेली रेघ. आत आपल्या कातडीच्या रंगाचं घातलं की ते नाहीसं होतं. आई कापड घेताना त्याच्या आत पंजा घालून उजेडाकडे धरायची आणि बोटं मोजता आली की ठाण परत सरकवायची. यापेक्षा चांगली चाचणी मला आजवर भेटलेली नाही. पण ती कोरड्या कापडाची. भिजलं की सगळे हिशेब चुकतात. धाग्यांमधल्या हवेच्या जागी पाणी शिरतं, उजेड पूर्वीसारखा इकडेतिकडे विखुरत नाही, थेट आत जातो, आणि टॉप जाहीर निवेदन देऊ लागतो.

पांढऱ्याच्या आतलं दिसण्याची धास्ती किती लांबवर जाते बघा. विम्बल्डनला खेळाडूंनी पांढरंच घालायचं. मळकट पांढरं किंवा क्रीमसुद्धा त्यांच्या नियमात पांढरं धरत नाहीत, आणि रंगीत काठ चालेल तो 1 सेंटिमीटरपर्यंत. आतलं दिसत असेल तर तेही पांढरंच. पाळीच्या दिवसांत पांढरं घालून जगासमोर धावायचं म्हणजे काय, हे बायका सांगत राहिल्या, तेव्हा कुठे 2023 पासून त्यांना आतली चड्डी गडद रंगाची घालायची मुभा मिळाली. 2023! मी ते वाचून टॉपकडे बघितलं. तो निर्विकारपणे हँगरवर लटकत होता.

पांढऱ्याचा थंडाव्याशी संबंध आहे, हे आपण गृहीत धरतो. पण 1980 साली 'नेचर' या नियतकालिकात काही संशोधकांनी एक मजेदार प्रश्न विचारला होता, वाळवंटातले भटके बेदुइन लोक काळे झगे का घालतात? त्यांनी भर उन्हात माणूस उभा करून मोजलं. काळा झगा जास्त तापतो खरा, पण ती जादा उष्णता कातडीपर्यंत पोचण्याआधीच मधल्या हवेबरोबर निघून जाते. आतल्या माणसाला काळ्यात आणि पांढऱ्यात सारखंच. सगळी किमया त्या झग्याच्या ढगळपणात. म्हणजे माझ्या टॉपमधलं 'पांढरा' हे विशेषण आपलं शोभेचं, 'सैल' हे खरं कामाचं. पातळ पांढरं सुती कापड कडक ऊन फारसं अडवत नाही, ते मी खांद्यावरच्या रंगावरून स्वतःच सांगू शकते.

खरं दुखणं आहे मुंढ्याचं. बिनबाह्यांच्या कपड्याचा मुंढा कसा असावा, यावर माझी इतकी ठाम मतं आहेत, की घरातले लोक विषय बदलतात. मुंढा खोल असला की हात वर केला रे केला, बाजूने सगळं उघडं. अरुंद असला की काखेत काचतो आणि संध्याकाळी तिथे लाल वळ. हात लोंबता सोडला की कड काखेच्या खाली दीड-दोन बोटं यावी. इतकं साधं आहे. शिवणाऱ्यांना येतं, पण तयार कपडे विकणाऱ्यांना काय झालंय कोण जाणे. माझ्या टॉपचा मुंढा दोन्ही बाजूंनी आत एकेक टीप घालून मीच लहान केलाय. जवळून बघितलं तर दिसते. जवळून बघू नये.

तिथेच आता पिवळटपणाही येऊ लागलाय. घामाला उगीच बोल लावतात. घाम रोखणाऱ्या फवाऱ्यांमधले अॅल्युमिनियमचे क्षार घामात मिसळले की हा डाग पडतो, आणि वैतागून ब्लीच ओतलं तर तो आणखी पिवळा होतो. मी ओतलं होतं.

परवा मावशीकडे गेले होते. तोच टॉप घालून, वर शर्ट. तिच्याकडे उकाडा असा, की पाचव्या मिनिटाला शर्ट काढून मी मांडीवर घेतला. मावशी आता ऐंशीची आहे. ती बिनबाह्यांचा, सैल, धुऊन धुऊन पांढरा पडलेला गाऊन घालून पंख्याखाली बसली होती. दंड सुकलेले, खांद्याची हाडं वर आलेली. मला म्हणाली, "छान आहे गं तुझा हा. हवेशीर." मी म्हटलं, "तुझाही."

तेवढ्यात बेल वाजली.

तिला आता पटकन उठता येत नाही. पण हात उठले. उजवा हात खुर्चीच्या पाठीवर चाचपडू लागला, डावा गळ्याशी गेला. नजर दांडीकडे, तिथे टॉवेल नव्हता. मी "अगं राहू दे" म्हणणार होते. म्हटलं नाही. मांडीवरचा शर्ट तिच्या खांद्यांवर टाकला आणि दार उघडायला गेले.

कुणी नव्हतं. शेजारची बेल वाजली होती. परत आले तर मावशी शर्टाची दोन्ही टोकं गळ्याशी मुठीत धरून बसली होती.

"गेले?" तिने विचारलं.

"गेले," मी म्हटलं.