टर्बाइन जेटची टाकी आपोआप भरताना : उन्हात आंधळा झालेला सेन्सर

माझ्या रेडिओ कंट्रोल जेट विमानाच्या मॉडेलची टाकी पंपाने भरतो, आणि ती भरली की सेन्सरने पंप आपोआप थांबावा अशी सोय केलीय. गॅरेजमध्ये वीस वेळा टाकी भरली, वीसही वेळा पंप वेळेवर थांबला. रविवारी तेच सगळं मैदानावर नेलं आणि पहिल्याच खेपेला पंप थांबेचना. "मामा, बाटली भरत आली!" असं भाचा ओरडला, तेव्हा मी धावत जाऊन बॅटरीची वायर उपसली. ओव्हरफ्लोची, म्हणजे टाकीतून उतू आलेलं इंधन झेलणारी, बाटली मोठी ठेवली होती म्हणून मॉडेलच्या आत थेंबही सांडला नाही.

नव्यांसाठी थोडक्यात मांडणी सांगतो. टर्बाइन 100 न्यूटन थ्रस्टचं (ढकलणाऱ्या जोराचं), टाकी 3 लिटरची, केरोसीनमध्ये 5 टक्के टर्बाइन ऑइल. फुल थ्रॉटलला हे इंजिन मिनिटाला 300 मिलीच्या वरच पितं. भरताना इंधन आधी हेडर टँकमध्ये (मुख्य टाकी आणि इंजिनाच्या पंपामधली छोटी टाकी) जातं, तिथली हवा ढकलत मुख्य टाकीत उतरतं आणि टाकी भरली की व्हेंटमधून (टाकीतली हवा बाहेर जाण्याच्या नळीतून) बाहेर येतं. हेडरमध्ये हवा राहून चालतच नाही. एखादा मोठा बुडबुडा इंजिनाच्या पंपात गेला की फ्लेमआउट, म्हणजे इंजिन हवेतच विझतं, आणि एवढं जड जेट इंजिनाविना उतरवणं म्हणजे काय ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा.

व्हेंटच्या पारदर्शक नळीवर एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी आणि समोर प्रकाश मोजणारा फोटोट्रान्झिस्टर बसवलाय. नळीत हवा असली की प्रकाश विखुरतो. केरोसीन आलं की तीच नळी भिंगासारखी वागते आणि रीडिंग चढतं. पंप सुरू होताना रिकाम्या नळीचं रीडिंग घ्यायचं आणि ते ठरावीक आकड्याने वाढलं की पंप बंद करायचा, असा माझा प्रोग्रॅम होता. घरी आल्यावर गॅलरीतल्या उन्हात सेन्सर धरून पाहिला. नळी कोरडी, आणि रीडिंग 1023 पैकी 1019! वाढायला जागाच नव्हती.

आता एलईडी झपाझप चालू-बंद करतो आणि दोन रीडिंगची वजाबाकी घेतो, म्हणजे उन्हाचा वाटा निघून जातो. पण नुसत्या वजाबाकीने भागत नाही. सेन्सर उन्हानेच तुडुंब भरला असेल तर दोन्ही आकडे सारखे येतात आणि हाती शून्य उरतं. म्हणून आधी सावली हवी: एलईडी-फोटोट्रान्झिस्टरच्या जोडीवर काळी हीटश्रिंक (गरम केली की आवळून बसणारी नळी), तिच्यावर ॲल्युमिनियमची पट्टी. नळीचे दोन्ही बाजूंचे चार-चार सेंटिमीटरही झाकले, कारण ऊन नळीतूनही आत शिरतं.

पहिल्या फेसाळ थेंबांना फसू नये म्हणून 0.3 सेकंद सलग केरोसीन दिसलं तरच पंप थांबतो. मिनिटाला 1 लिटरच्या वेगाने तेवढ्या वेळात 5 मिली जातं, म्हणजे 4 मिमी आतल्या व्यासाच्या नळीत जवळपास 40 सेंटिमीटर. सेन्सरपुढे एक मीटर नळी ठेवलीय, बाटलीपर्यंत काही पोचत नाही. काल भर दुपारी गच्चीवर सहा वेळा भरून पाहिलं, सहाही वेळा थांबला.

एक भीती मात्र अजून आहे. गाडीत इंधन गळू नये म्हणून आपण व्हेंटला बूच लावतो. ते काढायचं राहिलं तर सेन्सरपर्यंत काही पोचणारच नाही आणि टाकी फुगून शिवणीवर फाटेल. दाब वाढला की पंप जास्त करंट खेचतो, तेवढ्यावरून त्याला थांबवायचं ठरवलंय. करंट सेन्सर आणलाय, चाचणी जुन्या टाकीवर घेणार. तोवर बुचाला हातभर लाल फीत बांधून ठेवलीय.