बॉम्ब पान २१२ वरून ३१ वर

कादंबरीची संहिता तीनशे चाळीस पानांची होती. विषय दहशतवादविरोधी पथक. बंदरात उतरलेल्या हजारो कंटेनरांपैकी एकात स्फोटकं, हातात छत्तीस तास. अशा कादंबरीच्या कच्च्या प्रती आम्ही छपाईआधी पाच वाचकांना देतो आणि एवढंच सांगतो: पुस्तक जिथे खाली ठेवाल तिथे समासात पेन्सिलीची रेघ मारा. का ठेवलंत ते लिहायचं नाही, कारण लिहायला सांगितलं की लोक सभ्यपणे खोटं लिहितात.

प्रती परत आल्या तर पाचांपैकी चौघांच्या रेघा पान ९४ ते १०३ च्या दरम्यान. आमच्या कामात इतकी स्वच्छ खूण क्वचित मिळते. म्हणून तो अख्खा दिवस त्या दहा पानांसाठी ठेवला. टेबलाला लेखिका, मी आणि बॉम्बशोधक पथकातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, जे आमच्यासाठी तांत्रिक बाजू तपासतात.

पान ९४ वर नायिका शस्त्रागारात जाते आणि पुढची साडेआठ पानं नुसती यादी: पिस्तुलं, दुर्बिणी, चिलखतं, वजनं, पल्ले. या प्रकारच्या वाचकाला हत्यारांची माहिती लागते हा समज अर्धाच खरा आहे. हत्यार अपुरं पडणार असेल, आडवं येणार असेल, तरच ती माहिती लागते. निवृत्त गृहस्थांनी सहज सांगितलं की बॉम्बनाशकाचा पोशाख पस्तीस किलोंच्या आसपास भरतो, आत घामाच्या धारा लागतात, काचेवर वाफ धरते, वाकणं जिकिरीचं होतं. आणि एवढं सगळं अंगावर चढवून हात मात्र बहुधा उघडेच, कारण हातमोज्यात बोटांना काही समजत नाही. लेखिकेने लिहून घेतलं. साडेआठ पानांच्या जागी हा एक परिच्छेद आला, तोही शस्त्रागारातून उचलून शेवटच्या प्रसंगाच्या तोंडाशी नेला.

पण यादी हे वरवरचं दुखणं होतं. खरं दुखणं शोधायला आम्ही प्रत्येक प्रसंगासाठी एक कार्ड केलं आणि कार्डावर तीन रकाने आखले: इथपर्यंत वाचकाला काय ठाऊक, नायिकेला काय ठाऊक, शत्रूला काय ठाऊक. कार्डं ओळीने मांडली आणि पहिल्या शंभर पानांत पहिला व दुसरा रकाना शब्दशः सारखे निघाले. नायिका जाणते तेवढंच वाचक जाणतो, ती शोधते तेव्हाच त्याला कळतं. कंटेनरात स्फोटकं आहेत हे पान २१२ वर उघड होत होतं, धक्का म्हणून. सिनेदिग्दर्शक हिचकॉकचं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण सगळ्यांना पाठ असतं: प्रेक्षकाला न सांगता उडवला तर पंधरा सेकंदांचा धक्का, आधी दाखवला तर पंधरा मिनिटांची धाकधूक. लेखिकेलाही ते पाठ होतं. ‘पण मग रहस्य काय उरलं?’ हा तिचा प्रश्न, आणि प्रश्न रास्त होता.

उत्तर असं की या प्रकारात ‘काय’ हे रहस्य नसतंच. वाचक वेष्टणावरचं चित्र बघून पुस्तक उचलतो. स्फोटकं असणार आणि बहुधा ती वेळेत सापडणार, हे त्याने पैसे देतानाच गृहीत धरलेलं असतं. त्याला बघायची असते कागदाची वाट. माहिती या खात्यातून त्या खात्यात जाते का, कुठे अडते, कोण ती दाबून ठेवतो. अमेरिकेतल्या ९/११ आयोगाचा अहवाल जुलै २००४ मध्ये आला. सरकारी अहवाल, तरी दुकानांतून धडाधड खपला आणि त्या वर्षीच्या ‘नॅशनल बुक अवॉर्ड’च्या अंतिम यादीपर्यंत पोचला. त्यात नोंद आहे की पुढे विमान अपहरणात सामील झालेल्या एकाकडे अमेरिकेचा व्हिसा आहे हे सीआयए या गुप्तचर संस्थेला २०००च्या सुरुवातीला कळलं होतं. त्याचं नाव पाळतीच्या यादीत चढलं ऑगस्ट २००१ च्या अखेरीस. वाचणाऱ्याला शेवट माहीत आहे, तारीख माहीत आहे, तरी या दोन नोंदींमधला दीड वर्षाहून जास्त काळ वाचताना जीव वरखाली होतो.

म्हणून बॉम्बचा प्रसंग पान ३१ वर आणला. वाचकाला कंटेनरचा क्रमांक पहिल्याच भागात कळतो. नायिकेला तोच क्रमांक कळतो, पण एक आकडा चुकलेला, कारण सीमाशुल्क खात्यातल्या कारकुनाने तो फोनवर ऐकून लिहिला. कंटेनरच्या क्रमांकात चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी एक पडताळणीचा आकडा असतो. तो आधीच्या अक्षरांवरून-आकड्यांवरून गणिताने निघतो, त्यामुळे चूक पकडता येते. पकडेल कोण आणि कधी, यावर आता मधली दीडशे पानं चालतात. संगणकात घातल्याबरोबर चूक दिसली असती, म्हणून तो क्रमांक बराच वेळ हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवरच फिरत राहील अशी सोय करावी लागली. ही सोय ओढूनताणून वाटू नये यावर आमचा दुपारचा बराच वेळ गेला.

मग घड्याळ. छत्तीस तासांचा तक्ता भिंतीवर लावला आणि संशयितावरची पाळत तपासली. संहितेत दोन शिपाई रात्रंदिवस पाठलाग करत होते. एका माणसावर चोवीस तास गुपचूप नजर ठेवायला पाळ्या, गाड्या, चेहरे बदलत वीसहून अधिक माणसं लागतात. वीस पात्रं वाढवणं हा उपाय नव्हे. त्याऐवजी तुटवडाच कथेत घेतला: पथकाकडे माणसं कमी, पहाटे दोन ते सहा पाळत नाही, आणि संशयित नेमका तेव्हाच बाहेर पडतो. फोनचा माग काढतानाचं ‘आणखी तीस सेकंद बोलत ठेवा’ हे वाक्यही गेलं. ते जुन्या यांत्रिक एक्स्चेंजच्या काळातलं. आता कॉल लागताक्षणी नोंद होते. वेळ जातो तो परवानगीत, कंपनीच्या उत्तरात आणि टॉवरच्या टापूतलं नेमकं घर हुडकण्यात. सह्यांसाठी धावणारा फौजदार हे पात्र त्यातून मिळालं आणि वाचकांना तेच सगळ्यांत आवडलं.

शेवटच्या प्रसंगावर खटका उडाला. लाल तार की निळी. ‘ताई, असं कोणी उभं राहून ठरवत नाही,’ गृहस्थ म्हणाले. आधी माणसं लांब हलवायची, मग दुरून चालवायचं यंत्र पुढे पाठवायचं. ब्रिटिश लष्कर उत्तर आयर्लंडमध्ये १९७२ पासून असं चाकांचं यंत्र वापरत होतं. लेखिका म्हणाली, यंत्राने काम केलं तर नायिका काय करणार? तेव्हा ठरलं की दोन कंटेनरांमधल्या अरुंद फटीत यंत्र अडकेल आणि एका माणसाला चालत जावं लागेल. मोकळ्या धक्क्यावरून, एकट्याने, तो पोशाख घालून. तारा कापण्याची चार पानं गेली, चालण्याची सहा आली. मला विचाराल तर कादंबरीतली ही सगळ्यांत चांगली पानं आहेत.

चकमकही आटोक्यात आणली. लंडनमधल्या इराणी दूतावासाचा वेढा ३० एप्रिल ते ५ मे १९८० असा सहा दिवस चालला आणि एसएएस या ब्रिटिश लष्कराच्या विशेष पथकाची कारवाई सतरा मिनिटांत आटोपली. हिशेब वाटाघाटींच्या, कंटाळ्याच्या आणि उपाशी माणसांच्या बाजूचा आहे. संहितेत गोळीबाराला सत्तर पानं होती, आता एकोणीस. सायलेन्सर लावलेल्या पिस्तुलाची ‘फुस्स’ही काढली, प्रत्यक्षात तोही आवाज दणकाच असतो, शेजारच्या खोलीत ऐकू जाणारा.

खलनायकाचं शेवटचं भाषण मात्र लेखिकेने सोडलं नाही. दोन पानांचं आहे, मला अजूनही लांब वाटतं. दुरुस्त प्रती नव्या पाच वाचकांना गेल्या. शस्त्रागाराजवळ एकही रेघ नव्हती, त्या भाषणावर दोन होत्या. भाषण एका पानाचं करून संहिता अक्षरजुळणीला दिली.