दक्षिणेकडच्या भिंतीला टेकवलेलं हरितगृह: ग्वाल्हेरमधली पहिली थंडी

डिसेंबर

ग्वाल्हेरला जानेवारीत पारा 3-4 अंशांपर्यंत उतरतो आणि मे-जूनमध्ये 45 च्या पुढे जातो. त्यामुळे पुण्या-नाशिककडच्या पॉलिहाउसवाल्यांचे अनुभव इथे निम्मेच लागू पडतात. परसात बांधायच्या छोट्या हरितगृहाकडून मला दोन गोष्टी हव्या आहेत. आईचा अळू, कढीपत्ता आणि पपईची रोपं थंडीत काळी पडू नयेत, आणि मिरची-टोमॅटोची रोपं जानेवारीतच तयार व्हावीत. मिरचीचं बी 25 ते 30 अंशांत छान रुजतं, 15 च्या खाली मातीत नुसतं पडून राहतं.

खर्चाची मर्यादा 12,000 रुपये. म्हणून सामानाकडे वळण्याआधी जागा ठरवली. जागा निवडायला पैसे पडत नाहीत आणि सावलीतल्या हरितगृहाला महागडं छप्पर घालूनही ऊन मिळत नाही.

22 डिसेंबरच्या सुमारास सूर्य सर्वांत खाली असतो. ग्वाल्हेरचा अक्षांश 26 अंशांच्या किंचित वर आहे, म्हणजे भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम 40 अंशांवर येतो. 1 मीटर उंच वस्तूची सावली तेव्हा सुमारे 1.2 मीटर पडते. मागच्या दुमजली घराची उंची 7 मीटर धरली तर बाराच्या उन्हातही सावली 8 मीटरच्या पुढे जाते, सकाळी दहाला त्याहून लांब. सकाळी, दुपारी आणि तीनच्या सुमाराला सावलीच्या कडेने खुंट्या ठोकल्या आणि परसातला निम्म्याहून अधिक भाग बाद झाला. कोपऱ्यातल्या कडुनिंबाखालचीही जागा गेली. कडुनिंबाची पानं फेब्रुवारी-मार्चमध्ये गळतात, ऐन थंडीत त्याची सावली भरगच्च असते. तुमच्या परसात झाड असेल तर ते कधी उघडं होतं हे नक्की बघा.

शेवटी घराची दक्षिणेकडे तोंड असलेली दगडी भिंत निवडली. डिसेंबरचं खालून येणारं ऊन या भिंतीवर दिवसभर पडतं. जूनमध्ये मात्र दुपारचा सूर्य 87 अंशांवर, जवळजवळ डोक्यावर असतो आणि सकाळ-संध्याकाळ तो उत्तरेकडे झुकलेला असतो, त्यामुळे याच भिंतीला थेट ऊन फारसं लागत नाही. थंडीत तापणारी आणि उन्हाळ्यात त्या मानाने थंड राहणारी भिंत आयती मिळाली, शिवाय एका बाजूचं सामानही वाचलं. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवली. दार पूर्वेला, कारण लू, म्हणजे उन्हाळ्यातला होरपळणारा वारा, पश्चिमेकडून येते.

सांगाडा

माप 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद. बांबू स्वस्त पडला असता, पण जमिनीत गाडलेलं टोक आमच्याकडे वाळवीच्या तोंडी जातं. काच पहिल्याच विचारात बाजूला ठेवली: 4 मिलिमीटर काच चौरस मीटरला 10 किलो भरते, तिला पेलणारा सांगाडाच माझ्या सगळ्या पैशांचा घास घेईल, आणि फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीची धास्ती वेगळी. पीव्हीसी पाइपचाही मोह अनेकांना होतो. पण पीव्हीसीला टेकलेली पॉलिथीन फिल्म त्या जागी लवकर खराब होते.

इथल्या लोहिया बाजारातून एक इंची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप आणले. निम्म्याहून जास्त पैसे त्यातच गेले आणि ते तसेच जायला हवेत असं माझं ठाम मत आहे. फिल्म दर काही वर्षांनी बदलणारच, सांगाडा मात्र एकदाच बसतो. पाय दोन फूट खोल काँक्रीटमध्ये रोवले. आमच्याकडची मे-जूनची आंधी, म्हणजे धुळीचं वादळ, ज्यांनी पाहिली आहे त्यांना कारण सांगायला नको. ताशी 72 किलोमीटरचा वारा चौरस मीटरला साधारण 24 किलोचा दाब देतो. माझं छप्पर साडेसहा चौरस मीटरचं, म्हणजे दीडशे किलोंहून जास्त ओढ.

फिल्म 200 मायक्रॉनची, यूव्ही (उन्हातल्या अतिनील किरणांपासून) संरक्षण असलेली. साधं पारदर्शक प्लास्टिक उन्हात काही महिन्यांत कडक होऊन फाटतं. फिल्म वजनावर मिळते, तेव्हा हिशेब करून जा: या जाडीची फिल्म चौरस मीटरला 184 ग्रॅम भरते. मला 25 चौरस मीटर लागली, म्हणजे साडेचार किलोंच्या थोडं वर. ती खाचेची पट्टी आणि त्या खाचेत दाबून बसणाऱ्या झिगझॅग स्प्रिंगने बसवली, खिळे नाहीत, कारण मला ती काढता यायला हवी. उन्हात तापलेला पाइप फिल्मला जाळतो, म्हणून जिथे दोन्ही टेकतात तिथे पाइपला पांढरा रंग दिला.

संक्रांतीच्या आसपास

दिवसा आत ऊब छान होती. रात्री कमाल-किमान तापमापकाने वेगळंच दाखवलं: निरभ्र, वारा पडलेल्या रात्री आत आणि बाहेर जेमतेम एका अंशाचा फरक. कारण समजून घेण्यासारखं आहे. पॉलिथीन वारा अडवतं, पण माती आणि पानं रात्री जी उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात आकाशाकडे सोडतात ती त्यातून बरीचशी आरपार जाते. काच ती अडवते. धुक्याची किंवा ढगाळ रात्र उलट सोपी जाते, कारण ढग तीच उष्णता परत खाली पाठवतात. दव गोठतं ते चांदण्या लखलखतात त्या रात्री.

यावर दोन उपाय केले. दिवस मावळला की छताच्या खाली, फिल्मपासून हातभर अंतर ठेवून जुन्या चादरी ओढायच्या. आणि भिंतीलगत पाण्याने भरलेले, काळे रंगवलेले 200 लिटरचे दोन ड्रम. घनफळाच्या हिशेबाने पाणी दगडाच्या साधारण दुप्पट उष्णता धरतं. दोन्ही ड्रम रात्रीतून 5 अंशांनी निवले तर सव्वादोन युनिट विजेइतकी उष्णता आत सुटते, तीही हळूहळू, पहाटेपर्यंत. त्यानंतर बाहेर 4 असताना आत 8 मिळाले. अळूची पानं हिरवी राहिली आणि आईने वड्या केल्या, यापेक्षा मोठं प्रमाणपत्र मला नको.

चादरी सकाळी काढायला आळस चालत नाही. धुकं निवळलं की लगेच दार आणि भिंतीलगतची वरची फट उघडायची, नाहीतर ओल साचून रोपं बुडातून कोलमडतात.

फेब्रुवारी

आता संकट गरमीचं. बाहेर 26 आणि बंद हरितगृहात 40 च्या वर. हवा खेळण्याच्या उघड्या भागाचं माप जमिनीच्या क्षेत्राच्या किमान 15-20 टक्के हवं. माझ्याकडे 6 चौरस मीटर, म्हणजे सव्वा चौरस मीटरच्या आसपास, आणि त्यातला निदान निम्मा भाग वर, कारण गरम हवा तिथूनच निघते. समोरची फिल्म खालून गुंडाळता येते, तिथून गार हवा शिरते. मिरचीची रोपं वीतभर झाली.

एप्रिल

फिल्म काढून, धुऊन, सावलीत गुंडाळून ठेवली. त्याच सांगाड्यावर 50 टक्के सावलीची जाळी चढवली. 75 टक्क्यांची जाळी पानांच्या शोभेच्या झाडांना ठीक, पण मिरची तिच्याखाली नुसती उंच वाढते. पश्चिमेच्या बाजूला वाळ्याचा पडदा लावला आहे, दुपारी त्यावर पाणी मारतो. ड्रम बाहेर काढलेले नाहीत, आता तेच पाणी कुंड्यांना जातं.

पावसाळ्यात फक्त छपराला फिल्म आणि बाजूंना जाळी ठेवीन, म्हणजे टोमॅटोची रोपं झोडपली जाणार नाहीत. दिवाळीनंतर छप्पर तेवढं 6 मिलिमीटर दुपदरी पॉलिकार्बोनेटचं (आतून पोकळ, कडक पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा) करायचा विचार आहे. ते रात्रीची अवरक्त उष्णता अडवतं आणि यूव्ही संरक्षण असलेली बाजू वर ठेवली तर टिकतंही. झाशी, भोपाळ किंवा आमच्यासारख्याच कडक उन्हाच्या गावात कुणी ते वापरलं असेल तर किती वर्षांत पिवळं पडलं आणि पत्र्याची उघडी टोकं धुळीपासून कशी बंद केली, तेवढं जरूर सांगा.