आमची वाटचाल: पठाणाचं लाकूड

आजोबांनी रायगडच्या किनाऱ्यावर होड्या बांधायला सुरुवात केली तेव्हा कागदावर नकाशा काढायची पद्धतच नव्हती. करवत, वाकस (लाकूड तासायचं हत्यार), पटाशी, सामता (भोकं पाडायचं हत्यार) आणि डोळ्यांतलं माप, एवढंच भांडवल. फळ्या सागाच्या, वाक म्हणजे होडीच्या बरगड्या बाभळीच्या मुळातच वळलेल्या फांद्यांचे. फटींत कापसाची वात ठोकून वरून राळ-तेल भरायचं.

पण पहिला घाव घालण्याआधी पठाणाची पूजा व्हायची. पठाण म्हणजे होडीच्या तळाचा कणा. नाखवा, म्हणजे होडीचा मालक, सहकुटुंब यायचा. पठाणाला हळदकुंकू, फुलं, नारळ. शेजारी आमची हत्यारं मांडलेली, त्यांचीही पूजा. त्या दिवसापासून ते लाकूड आमच्या घरात लाकूड राहत नसे. त्याला पाय लागला तर आजी आम्हाला नमस्कार करायला लावायची. होडी पाण्यात लोटायच्या दिवशी नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, हार घालायचे आणि सगळा कोळीवाडा खांदा द्यायला जमायचा. नावं बहुतेक देवांची: एकवीरा, मल्हारी, म्हसोबा. नुसतं नाव वाचून वडील सांगायचे, होडी कुठल्या घरची असेल.

पुढे साग परवडेना. लाकडी होडी दरवर्षी ओढून घ्यायची, वाती बदलायच्या, खाऱ्या पाण्यातल्या किड्याने पोखरलेल्या फळ्या काढायच्या. फायबरच्या होडीने हे पैसे आणि दिवस वाचत होते म्हणून नाखव्यांनीच ती मागायला सुरुवात केली. मी काम शिकून आलो. वडिलांना ते पटलं नव्हतं, पण त्यांनी शेड बांधायला जागा दिली.

पहिली फायबर होडी आमच्याच खाडीतल्या एका वयस्कर नाखव्याची. साचा तयार होता, आतून मेण लावलं होतं. त्यांनी विचारलं, "पठाण कुठं हाय?" मी सांगितलं, यात पठाण बसवत नाहीत, सगळी होडी साच्यातून एकसंध निघते. ते काही बोलले नाहीत. पिशवीतला नारळ त्यांनी तसाच हातात धरून ठेवला. तो नारळ पाहून मला कळलं की मी तंत्राचं उत्तर दिलं होतं, विचारलं होतं दुसरंच.

वडील उठले. शेवटच्या लाकडी होडीच्या पठाणाचा हातभर तुकडा त्यांनी जपून ठेवला होता. त्याची पूजा झाली आणि तळाच्या खोबणीत तो ठेवून आम्ही वरून मॅट (काचतंतूंचं कापड) आणि रेझिन (ते घट्ट करणारं रसायन) चढवलं.

ते काम मात्र मी चुकवलं. लाकूड वरून सुकं वाटलं तरी आत ओल होती. एका हंगामातच त्या जागी थर सुटले. होडी ओढून घेतली, तेवढा भाग कापून काढला आणि स्वखर्चाने पुन्हा भरला. तेव्हापासून लाकूड महिनोन् महिने शेडमध्ये सुकवतो, सहाही बाजूंनी रेझिनने बंद करतो आणि मगच बसवतो. त्याने होडीची ताकद वाढते असं आम्ही कधीच सांगत नाही. ते पूजेचं लाकूड आहे.

वसईकडचे ख्रिस्ती कोळी आले तेव्हा वाटलं, त्यांना हे नको असेल. त्यांनी तशाच तुकड्यावर क्रूस कोरून मागितला. होडी तयार झाल्यावर धर्मगुरूंनी आशीर्वाद दिला आणि मग ती पाण्यात गेली.

आमचं वर्षाचं गणित समुद्रावरच चालतं. १ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. १ ऑगस्टला कायद्याने समुद्र खुला होतो, पण कितीतरी नाखवे नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी काढत नाहीत. म्हणून प्रत्येकाला होडी श्रावणाआधी हवी असते, आणि नेमक्या पावसातल्या दमट हवेत थर नीट बसत नाहीत. आम्ही थरांचं काम मे अखेरीस संपवतो; पावसात फक्त घासणं, रंग आणि इंजिन. उशिरा आलेली ऑर्डर यामुळे नाकारावी लागते, ते जिवावर येतं.

सध्या शेडमध्ये दोन होड्या आहेत. एकीचं नाव रंगवून झालंय. दुसरीचे नाखवा चैत्रातल्या यात्रेला कार्ल्याला गेलेत. एकवीरा आईचं दर्शन घेऊन आल्यावर नाव सांगतो म्हणालेत. तोवर तिची नाळ कोरीच ठेवली आहे.