सुई अडली तो दिवस

खालच्या पुढच्या दातांत अचानक फट पडली तेव्हा मी 24 वर्षांची होते. दुखत काहीच नव्हतं. कराडच्या दातांच्या डॉक्टरांनी ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्स-रे, काढला, फिल्म उजेडात धरली आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. हनुवटीच्या हाडात काळा डाग दोन्हीकडे पसरला होता. बायोप्सीत नाव कळलं: सेंट्रल जायंट सेल ग्रॅन्युलोमा. कॅन्सर नव्हे, पण हाड पोखरत जाणारी गाठ.

ज्या रुग्णालयात पहिल्यांदा गेलो तिथं सांगितलं, जबड्याचा पुढचा भाग काढायचा आणि पायाचं हाड आणून बसवायचं. ऑपरेशनची तारीखही दिली. औषधानं प्रयत्न करता येतो, हे तिथं कुणी सांगितलंच नाही. त्याचा राग मला अजून आहे.

मावशीच्या ओळखीनं पुण्यात दुसऱ्या सर्जनकडे गेलो. त्यांनी आधी रक्तातलं कॅल्शियम आणि पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथीचं हार्मोन) तपासायला लावलं. गळ्यातली पॅराथायरॉइड ग्रंथी बिघडली तरी जबड्यात अशीच गाठ होते आणि बायोप्सीत दोन्ही सारख्याच दिसतात. तसं असेल तर इलाज ग्रंथीचा करायचा. ही साधी रक्ततपासणी आधी व्हायला हवी होती. माझे रिपोर्ट नॉर्मल आले.

मग त्यांनी कागद ओढून आईला आणि मला समजावलं. डेनोसुमॅब हे औषध हाड खाणाऱ्या पेशींना आवरतं, पण त्यात कॅल्शियम घसरू शकतं, दात काढावा लागला तर जबड्याचं हाड मरण्याचा धोका असतो, त्या काळात दिवस राहू द्यायचे नाहीत आणि औषध थांबवल्यावर गाठ उलटू शकते. दुसरं औषध कॅल्सिटोनिन, त्याचा नाकातला स्प्रे महिनोन्‌महिने मारावा लागतो. ‘‘तुमचं लग्न ठरलंय ना? मग आधी स्टिरॉइडनं बघू. गुण आला नाही तर ऑपरेशन आहेच.’’

ट्रायमसिनोलोन हे स्टिरॉइड आणि भुलीचं औषध समसमान मिसळून थेट गाठीत, आठवड्यातून एकदा, सहा वेळा. दर गुरुवारी पहाटेची एसटी. पहिल्या वेळी हाडाचा पापुद्रा इतका पातळ झाला होता की सुई लोण्यात शिरावी तशी आत गेली. मला ते जाणवलं आणि रडूच आलं. तिसऱ्यापर्यंत तसंच. घरी आई मऊ भात कालवून द्यायची आणि माझ्या हनुवटीकडे बघणं टाळायची.

पाचव्या वेळी सुई अडली. डॉक्टरांनी जागा बदलून पाहिली, तरी अडली. सहाव्या वेळी पिचकारी दाबताना त्यांचा अंगठा पांढरा पडला, औषध आत जाईना. मी घाबरून त्यांच्याकडे पाहिलं.

‘‘घाबरू नका. आत हाड धरायला लागलंय,’’ ते म्हणाले.

सहा महिन्यांनी सीटी केला तर काळ्या डागात पांढरे धागे विणल्यासारखे दिसत होते. एका कोपऱ्यात थोडी गाठ उरली होती, ती हिरडी उघडून खरवडली. सगळ्यांनाच असा गुण येतो असं नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. माझे मात्र सगळे दात जागेवर आहेत. गाठ परत येऊ शकते म्हणून ओपीजी चालूच आहेत, पुढचा डिसेंबरात.